आगोटीच्या यादीत वादळही धरा

वैशाखाचे ऊन तापू लागले की कोकणातल्या घराघरांत आगोटीची धांदल सुरू होते. तांदूळ पाखडून पिंपात भरायचा, सुकट-बोंबील उन्हात खडखडीत वाळवायचे, वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा, लाकूडफाटा पडवीत रचायचा, गोवऱ्या झाकायच्या आणि मृगाच्या आत घर शाकारून घ्यायचे. एकदा पावसाने झड लावली की रोजगाराचा भरवसा नाही आणि वाटेचाही नाही, हे आपल्या आया-आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मुंबई-ठाण्याच्या झोपडपट्टीतही याच दिवसांत माळ्यावरच्या ताडपत्र्या खाली उतरतात आणि पत्र्याच्या भोकांना डांबर लागते. हातावर पोट असलेल्या माणसाला नियोजन जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा आगोट भरणारे घर पाहावे.

या जुन्या यादीत आता एक नवी बाब धरायला हवी. ती म्हणजे चक्रीवादळ. आगोट ही पावसाची तयारी आहे. पाऊस वरून पडतो, त्याला शाकारलेले छप्पर अडवते. वादळ त्या छपरालाच हात घालते. म्हणून या लेखात वादळापूर्वी घर कसे तयार करावे, कोणते काम कोणत्या महिन्यात करावे आणि कमी पैशात ते कसे बसवावे, याचा साधा हिशेब मांडला आहे.

वादळ मृगाची वाट पाहत नाही

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानच्या बाजूला ज्याला टायफून म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. अमेरिकेत १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम मानतात आणि तो सुरू होण्याआधीच घराची तयारी करा, असे तिथल्या सरकारी यंत्रणा लोकांना दरवर्षी सांगतात. आपल्या समुद्राचा हंगाम दुहेरी आहे. पहिला एप्रिल ते जून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे पाऊस परतल्यावर.

आपल्या किनाऱ्याचा अलीकडचा अनुभव पाहा. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात धडकले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून समुद्रातून गेले आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागले. त्याच वादळात बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ ही बार्ज बुडून पोटासाठी समुद्रात गेलेले कितीतरी कामगार मृत्युमुखी पडले. एक मेमध्ये, एक जूनच्या पहिल्या आठवड्यात, एक नोव्हेंबरमध्ये. तिन्हींपैकी एकही ऐन पावसाळ्यातले नाही.

पूर्वी वादळ म्हटले की बंगालचा उपसागर आणि ओरिसा-आंध्रचा किनारा डोळ्यांपुढे येई. अरबी समुद्र तुलनेने शांत. आता हा समुद्र तापू लागला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले.

निसर्ग वादळाच्या तारखा प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हवामान खात्याने आधीपासून सूचना दिल्या होत्या. तरी त्या वादळाला नाव मिळाले ते २ जूनच्या दुपारी, आणि ३ जूनच्या दुपारी ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने ते घरांवर येऊन आदळले. मध्ये एका दिवसाचे अंतर! त्यातून टाळेबंदी चालू. त्या एका दिवसात कोणी सुतार शोधावा, कोणी हूक आणावेत आणि कोणी छपरावर चढावे? बागा आडव्या झाल्या, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली आणि पत्र्यांसाठी माणसे दुकानांपुढे रांगेत उभी राहिली. भावही चढले. जे काम मे महिन्यात थोड्या खर्चात झाले असते, त्याच्यासाठी जूनमध्ये कर्ज काढावे लागले.

जीव वाचवता येतात, पुढे घराचा प्रश्न राहतो

तयारीने काय साधते याचा पुरावा ओरिसाने दिला आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, इशारा शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचवण्याची सोय केली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ फनी धडकले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक सुरक्षित जागी होते. दोन्ही वेळा ओरिसातील मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. माणसे वाचली, पण फनीमध्ये लाखो घरांचे नुकसान झाले. त्यात कुडाच्या, कौलांच्या आणि पत्र्यांच्या घरांना अधिक सोसावे लागले.

पैसा असलेल्या देशातही गरीब मागेच राहतो. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत कॅटरिना हरिकेन आले. न्यू ऑर्लिन्स शहर सोडण्याचा हुकूम आदल्या दिवशी निघाला. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते गेले. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांतले हजारो जण मागे अडकले. त्यांत कृष्णवर्णीय गरीब कुटुंबे फार होती. बंधारे फुटले, शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि या हरिकेनने तेराशेहून अधिक बळी घेतले. वारा कोणाची जात वा वर्ण पाहत नाही. पण कोणाचे घर उतारावर आहे, कोणाचे नाल्याकाठी, कोणाच्या छपराला हूक नाहीत, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणून आपली तयारी आपणच, आणि वेळेच्या आधी करायची.

पत्रा उडतो कसा?

पुष्कळांना वाटते की वारा पत्र्याला ढकलून नेतो. खरे म्हणजे वारा तो वर ओढून नेतो. वेगाने वाहणारा वारा छपरावरून जाताना वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर उचलला जातो. त्याच वेळी वाऱ्याच्या तोंडाची खिडकी किंवा दार उघडे असेल तर आत शिरलेली हवा त्याला खालून रेटते. वरून ओढ आणि खालून रेटा. ही ओढ छपराच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. एक कोपरा सुटला की पुढचे पत्रे पुस्तकाची पाने उलटावीत तसे सुटत जातात.

हे एकदा समजले की काय करायचे ते आपोआप कळते.

पहिले काम, छपराखाली उभे राहून वर पाहा. पत्रा नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला असेल तर तो खिळा सरळ उपसून येतो. त्याजागी वायसर घातलेले जे-हूक लावा. हूक खालच्या पाइपाला किंवा रिपेला कवटाळून धरतो. हूक पन्हळीच्या उंचवट्यावर बसवावा, म्हणजे गळती लागत नाही. मधल्या भागात हूक थोडे दूर चालतील, पण कडेला आणि कोपऱ्यांत एक पन्हळ सोडून एक असे जवळ जवळ लावा. गंजलेले हूक आणि फाटलेले वायसर बदला. सगळे छप्पर यंदा जमत नसेल तर निदान चारही कडा पक्क्या करा.

दुसरे, साखळी तपासा. पत्रा रिपेला धरून आहे, रीप वाशाला धरून आहे, पण वासा भिंतीला धरून आहे का? बऱ्याच घरांत वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असतो. तसे असेल तर अख्खे छप्पर सांगाड्यासकट उचलले जाते. लोखंडी पट्टीने वासा भिंतीत जखडून घ्या. रमाई आवास किंवा पंतप्रधान आवास योजनेतून ज्यांचे घरकुल आता बांधून होत आहे आणि वर पत्रा पडणार आहे, त्यांनी गवंड्याला आत्ताच सांगून भिंतीच्या माथ्यावर बोल्ट सोडून घ्यावेत. बांधताना हे काम किरकोळ खर्चात होते, नंतर भिंत फोडावी लागते.

तिसरे, वळचण. भिंतीबाहेर फार लांब आलेला पत्रा वाऱ्याला आयता हातात सापडतो. दीड फुटापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पडवीचे छप्पर मुख्य छपराला जोडून न घेता वेगळे ठेवले तर पडवी गेली तरी घर राहते.

चौथे, छपरावरचे सुटे दगड. आपल्याकडे पत्र्यावर धोंडे ठेवण्याची सवय आहे. साध्या वाऱ्याला ते पुरतात. वादळात पत्रा हलला की तेच धोंडे घरात झोपलेल्यांच्या अंगावर येतात. त्याऐवजी मासेमारीचे जुने जाळे किंवा जाड दोर छपरावरून टाकून दोन्ही बाजूंना जमिनीत पुरलेल्या मजबूत खुंट्यांना ताणून बांधा. कौलारू घर असेल तर आढ्यावरची आणि कडेच्या ओळीची कौले सिमेंटात बसवून घ्या.

पाचवे, घराभोवतीची झाडे. माडाचे सुके झाप, वाळलेले नारळ, आंब्या-फणसाच्या छपरावर आलेल्या फांद्या एप्रिलमध्येच उतरवा. विजेच्या तारेजवळच्या फांदीला मात्र हात लावू नका. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अंगणातले सुटे पत्रे, टीव्हीची डिश, रिकामी पाण्याची टाकी, फलाट्या, विटा यांतले काहीही वादळात दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन पडू शकते. सैल असेल ते बांधा किंवा आत घ्या. दारा-खिडक्यांच्या कड्या आणि अडसर दुरुस्त करून ठेवा.

कागद वाचला तर मदत मिळते

या विषयावर माझ्यासारख्या कारकुनाने थोडे जास्त बोलले तर वाचकांनी समजून घ्यावे. घर पडल्यावर सरकारी मदत मिळते ती पंचनाम्यावरून, आणि पंचनामा उभा राहतो कागदावर.

निसर्ग वादळानंतर काही कार्यकर्ते मिळून आम्ही एका वाडीत लोकांचे अर्ज लिहून द्यायला गेलो होतो. तिथे एक मावशी होत्या. नवरा वारलेला, घर अजून सासऱ्याच्या नावावर. घरपट्टी त्या स्वतः वर्षानुवर्षे भरत होत्या, पण पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि ट्रंकेवरचे छप्पर उडाले होते. पावत्यांचा लगदा झाला होता. पहिल्या यादीत त्यांचे नाव आले नाही. तीन खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे गेले. चौथ्या खेपेला नाव लागले. घर त्यांचेच होते, पडलेही सर्वांच्या डोळ्यांदेखत. तरी ते कागदावर दाखवायला त्यांचे चार दिवस आणि चार दिवसांची चूल गेली.

म्हणून मे महिन्यात एक काम आवर्जून करा. घर कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर पाहा. मृत व्यक्तीच्या नावावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्या. नवरा-बायको दोघांचे नाव लावून घेता आले तर उत्तम. घरपट्टी भरून पावती घ्या.

मग एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या आणि तिच्यात हे ठेवा: रेशनकार्ड, आधारकार्डे, बँकेचे पासबुक, नमुना ८ आणि असल्यास सातबारा, वीजबिल, मुंबईत फोटोपास किंवा भाडेकरार, जन्म-मृत्यूचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले. आपल्या घरांत याहून मोलाचा एक कागद असतो. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीचा तो पिवळा पडलेला कागद भिजून गेला तर नातवंडांच्या प्रवेशाच्या आणि नोकरीच्या वेळी दुसरा कुठून आणणार? ज्या माणसाने त्या काळात शाळेची पायरी चढून तो कागद मिळवला, त्याच्या कष्टाची तरी आपण जपणूक करू या. त्याच्या सत्यप्रती काढा, मोबाइलवर फोटो घ्या, ते फोटो दुसऱ्या गावातल्या किंवा मुंबईतल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. जे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात ते घरातल्या शिकलेल्या मुलीकडून ठेवून घ्या.

आणखी तीन गोष्टी. घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून ठेवा. नुकसान झाल्यावर आधीचे घर कसे होते ते दाखवता येते. नुकसान झाल्यावर दुरुस्तीला हात घालण्याआधी पुन्हा फोटो काढा. आणि पंचनाम्यावर सही वा अंगठा करण्यापूर्वी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

बँकेचे खाते बंद पडलेले नाही ना तेही पाहा, कारण मदत थेट खात्यात जमा होते. याच खात्यातून वर्षाला २० रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो. वय १८ ते ७० हवे. या विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणजे बरोबर वादळ-पावसाच्या तोंडावर. मे महिन्यात खात्यात पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा खंडित होतो. वीस रुपयांसाठी दोन लाख घालवू नका.

पाणी, शिधा आणि औषध

माता-भगिनींना शिध्याबद्दल मी काय सांगणार! आगोटीची यादी त्यांना तोंडपाठ असते. वादळासाठी त्यात थोडी भर घालायची. तीन दिवस चूल पेटली नाही तरी चालेल असे खाणे वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पोहे, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, नाचणीचे सत्त्व, तान्ह्या बाळासाठी लागेल ते. आगपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

पाण्याचा हिशेब असा. पिण्याला आणि जेवणाला माणशी दिवसाला चार लिटर. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचे साठ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे चार हंडे. वीज गेली की नळयोजनेचा पंप बंद पडतो, म्हणून हे हंडे इशारा येताच भरून झाकायचे. वादळानंतर विहिरीचे पाणी गढूळ होते. ते गाळून खळखळून उकळावे. आशाताईंकडून मेडिक्लोर मिळते. किती थेंब घालायचे ते त्यांनाच विचारावे. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ती जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावे.

घरात रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा फिट्सचा रुग्ण असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असू द्या. बाळंतपण जवळ आलेल्या लेकी-सुनेला वादळाचा इशारा मिळताच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवा. विजेरी, सेल, चार्ज केलेली पॉवरबँक आणि घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तोही हाताशी ठेवा. मोबाइलचा टॉवर पडला तर आकाशवाणीच कामाला येते.

इशारा कसा वाचावा

आपले कोळी बांधव बंदरावरचा बावटा वाचतात. तीन नंबरचा लागला की होडी बाहेर काढत नाहीत. जमिनीवरच्या माणसानेही इशारा वाचायला शिकले पाहिजे. चक्रीवादळाची पहिली पूर्वसूचना हवामान खाते सुमारे ७२ तास आधी देते, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी केशरी आणि वादळ किनाऱ्यावर येण्याच्या १२ तास आधी लाल.

पूर्वसूचना ऐकली की कागदांची पिशवी आणि शिध्याचा डबा पाहून घ्या. पिवळ्या इशाऱ्याला पाणी भरा, मोबाइल चार्ज करा, गुरांची सोय लावा. केशरी इशाऱ्याला अंगण मोकळे करा, छपरावर दोर टाका, म्हातारी माणसे आणि मुले सुरक्षित जागी पाठवा. लाल इशारा आला आणि घर कच्चे असेल तर उजेड असेपर्यंत निघा. गॅसचा रेग्युलेटर बंद, विजेचा मेन स्विच बंद, गुरांचे दावे सोडलेले, दाराला कडी. सामानासाठी मागे थांबू नका.

वादळ चालू असताना वारा एकाएकी पडला तर संपले असे समजून बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा डोक्यावरून जात असतो. थोड्या वेळाने उलट दिशेचा वारा तितक्याच जोराने येतो. बाहेर पडल्यावर लोंबकळणाऱ्या तारेपासून लांब राहा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात चालू नका, लेप्टोची बाधा होते.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इरसाळवाडी (२०२३) या तिन्ही ठिकाणी पावसाने डोंगर खचला आणि वस्ती गाडली गेली. उतारावर नवी भेग दिसली, झाडे-खांब कलू लागले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागली, तर कोणाच्या हुकमाची वाट पाहू नका. वस्ती सोडा.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, मुंबई महापालिकेचा १९१६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२. हे चारही आकडे दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वाडीची एक यादी

एकट्याचे घर पक्के झाले आणि शेजारच्याचा पत्रा उडाला, तर तो पत्रा आपल्याच भिंतीवर येतो. म्हणून हे काम वाडीचे, चाळीचे, वस्तीचे आहे. आपल्या कोकणातल्या बौद्धवाड्यांत मे महिन्यात संयुक्त जयंतीला चाकरमानी गावी येतात. गावशाखा आणि मुंबईशाखा एकत्र बसतात. मंडप, भोजन, गायन पार्टी यांचा हिशेब होतो. त्याच बैठकीत एक तास वादळाच्या तयारीला द्या. दोन दिवस तरुणांनी श्रमदान केले तर वाडीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरांचे हूक बसून होतील.

त्याच बैठकीत एक यादी करा. घर क्रमांक, माणसे किती, अंथरुणाला खिळलेले कोण, अपंग कोण, गरोदर कोण, कोणाचे छप्पर कमजोर, कोणाकडे मोबाइल नाही. प्रत्येक नावापुढे त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, तेही लिहा. स्लॅबचे विहार किंवा शाळा निवारा म्हणून ठरवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते सर्वांना माहीत असू द्या. विहाराचे दार त्या दिवशी शेजारच्या प्रत्येक वाडीला उघडे असावे, हे सांगायला नको.

ही यादी कशासाठी, तर मदतीचे वाटप हमरस्त्यापासून सुरू होते आणि आपली वाडी बहुधा गावाच्या टोकाला असते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत निवारा आणि मदत देताना दलित कुटुंबांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी तोंडी तक्रार हवेत विरते. कागद टिकतो. म्हणून यादीची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक तहसील कार्यालयाला मे महिन्यातच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजावे, हा नोकरीतला पहिला धडा आहे.

खर्चाचा मेळ

हे सारे ठीक, पण पैसा? नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत सहा महिने प्रत्येक घराने महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले तर घरटी सहाशे रुपये होतात. पंचवीस घरांच्या वाडीत पंधरा हजार. बचत गटाच्या बहिणींनी हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि एप्रिलमध्ये हूक, वायसर, लोखंडी पट्ट्या, दोर आणि ताडपत्री एकदम घाऊक आणावी. एकेकट्याने सुटे घेण्यापेक्षा स्वस्त पडते. पावत्या जपाव्यात आणि हिशेब बैठकीत वाचून दाखवावा. शिल्लक राहील ती वाडीतल्या सर्वांत कमजोर छपरासाठी वापरावी.

तारखा लक्षात ठेवायलाही सोप्या आहेत. वैशाख पौर्णिमेपर्यंत छप्पर, कागद, यादी आणि शिधा तयार. मग वर्षावास संपताना अश्विन पौर्णिमेला पुन्हा एकदा वर चढून हूक पाहायचे, कारण फयान नोव्हेंबरात आले होते आणि चार महिन्यांच्या पावसाने वायसर कुजलेले असतात.

वादळ थांबवणे कोणाच्या हाती नाही. कच्च्या घरांच्या जागी पक्की घरे, किनाऱ्यावर निवारे आणि जमिनीखालून विजेच्या तारा मिळवण्यासाठी सरकारशी भांडत राहावे लागेल, आणि ते भांडण लांब पल्ल्याचे आहे. तोवर एक हूक, एक प्लॅस्टिकची पिशवी, चार हंडे पाणी आणि शेजाऱ्याचे नाव लिहिलेली एक यादी एवढे तरी आपल्या हाती आहे. आगोट भरताना ते विसरू नका.